लग्नाचा ड्रेस निवडताना: आधी काय, नंतर काय

लग्नाचा ड्रेस बहुतेक जणी उलट्या क्रमाने घेतात. आधी फोटो आवडतो, मग तसाच ड्रेस शोधला जातो, आरशासमोर दोन मिनिटं ताठ उभं राहून तो पसंतही होतो. चपला, आतले कपडे, अंगात करून घेण्याचा खर्च, बसता येतं की नाही, हे सगळं पैसे देऊन झाल्यावर आठवतं. ड्रेस घालून मग दिवसभर बसायचं असतं, वाकायचं असतं, लोकांच्या गळ्यात पडायचं असतं, जिना चढायचा असतो. पसंतीच्या वेळी यातलं काहीच करून पाहिलेलं नसतं.

हा लेख शिवलेल्या ड्रेसबद्दल आहे. तो घेरदार गाऊन असेल किंवा अंगाबरोबर उतरणारा साधा पोशाख. तयार घेतलेला, शिवून घेतलेला किंवा भाड्याने आणलेला. टप्प्यांचा क्रम सगळीकडे हाच, हाताशी लागणारा वेळ तेवढा बदलतो.

टप्पा १: दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा

तीन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, जागा आणि हवा: बंद हॉल की उघडं मैदान, फरशी की गवत, उकाडा की थंडी. दुसरी, ड्रेस अंगावर किती तास राहणार आणि त्या वेळात काय काय करायचं आहे: जमिनीवर बसायचं आहे का, नाचायचं आहे का, पायऱ्या किती आहेत. तिसरी, एकूण रक्कम. ही रक्कम म्हणजे ड्रेसची किंमत नव्हे. त्यातूनच दुरुस्ती, आतले कपडे, चपला, वाफेची इस्त्री आणि नंतरची धुलाई भागवायची आहे. माझा ठोकताळा असा की पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढावा आणि उरलेल्या रकमेत ड्रेस शोधावा. ठरवलेल्या आकड्यापेक्षा महाग ड्रेस अंगावर चढवूनच पाहू नये. एकदा घातला की हिशोब डोक्यातून जातो.

टप्पा २: तारखेपासून मागे मोजत या

शिवून घ्यायचा असेल तर सहा ते नऊ महिने हाताशी असलेले बरे. तयार घेऊन अंगात करून घ्यायचा असेल तर तीन महिने पुरतात. लग्नाच्या साधारण सहा-आठ आठवडे आधी पहिली फिटिंग, मग मधली, आणि शेवटची सात ते दहा दिवस आधी. शेवटची फिटिंग आदल्या दिवशी ठेवू नका, कारण काही निघालं तर उसवून शिवायला वेळच उरत नाही. दोन महिने आधी ठेवली तर तोवर अंगकाठी बदललेली असू शकते.

सावधान: विकणाऱ्याने सांगितलेली तारीख आणि तुमच्या कॅलेंडरवरची तारीख यांत निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. गर्दीच्या दिवसांत शिंपी कामं पुढे ढकलतात आणि हे ते आधी सांगत नाहीत.

टप्पा ३: चपला आणि आतले कपडे आधी घ्या

सर्वात जास्त चूक इथेच होते. ड्रेसची लांबी जमिनीपासून मोजतात, म्हणजे टाचेची उंची ठरल्याशिवाय लांबी ठरत नाही. सहा सेंटिमीटर टाचेवर कापलेला ड्रेस सपाट चपलेवर घातला की जमिनीवर लोळतो आणि पायात येतो. ‘थकले की चपला बदलेन’ असा बेत असेल तर दोन्ही जोड फिटिंगला न्या आणि लांबी कमी उंचीच्या जोडावर ठरवा.

आतल्या कपड्यांचंही तसंच. ब्रा बदलली की छातीचं माप बदलतं, आणि मापाइतकीच छातीची उंचीही बदलते. ड्रेसच्या पुढच्या भागातले टक्स, म्हणजे कापडाला उभार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या, नेमके त्या उंचीवर बेतलेले असतात. पोट आवळणारा कपडा घालणार असाल तर पहिल्या मापापासून शेवटच्या फिटिंगपर्यंत तोच घाला. पाठ किती उघडी हवी हे नक्की नसेल तर पट्ट्या काढता-लावता येणारी एक ब्रा घेऊन सुरुवात करा. गळ्याचा आकार ठरला की मग नेमकी घ्या.

टप्पा ४: मापं

स्वतःची मापं स्वतः घेऊ नका. टेप बघायला वाकलात की माप बदललं. दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांगा. टेप जमिनीला समांतर, अंगाला टेकलेला पण रुतलेला नाही, श्वास रोखायचा नाही. प्रत्येक माप दोनदा. दोन्हींत फरक आला तर तिसऱ्यांदा.

लागणारी मापं अशी: छाती सर्वात भरलेल्या जागी, छातीखाली, कंबर, म्हणजे बाजूला वाकल्यावर जिथे घडी पडते ती जागा, पँट जिथे बसते ती नव्हे, नितंब, कमरेपासून साधारण १८ ते २३ सेंटिमीटर खाली, खांद्याची रुंदी, दंडाचा घेर, आणि गळ्याच्या खळगीपासून जमिनीपर्यंतची उंची, ठरलेल्या चपला घालून.

तयार ड्रेसमध्ये साइजच्या आकड्यावर जाऊ नका. त्याच आकड्याचे दोन कंपन्यांचे ड्रेस वेगवेगळे बसतात. त्या-त्या कंपनीचा तक्ता मागा आणि तुमचं सर्वात मोठं माप ज्या साइजमध्ये बसतं ती घ्या. खाली मोठा घेर असेल तर नितंबाचं माप सोडून द्या, छाती आणि कंबर पाहा.

‘तोवर बारीक होईन’ म्हणून एक साइज लहान घेणं हा जुगार आहे. ड्रेस आत घेता येतो, वाढवायला मात्र शिवणीत कापड असावं लागतं. शिवणीच्या आत सोडलेल्या या कापडाला शिंपी माया म्हणतात. तयार कपड्यात ती बऱ्याचदा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच असते. हिशोब करून बघा: दोन्ही बगलेच्या शिवणींत पुढच्या आणि मागच्या भागातून एकेक सेंटिमीटर सोडला तर घेर एकूण चार सेंटिमीटरने वाढतो. पण सगळी माया सोडता येत नाही, नवी शिवण घालायला थोडी उरावीच लागते. शिवाय साटिनसारख्या कापडावर जुन्या सुईची भोकं दिसत राहतात.

तपासा: ड्रेस उलटा करून बगलेची शिवण बघा. माया नखाएवढी असेल तर तो ड्रेस वाढणार नाही, विकणारा काहीही म्हणो.

टप्पा ५: आकार

यावर फार डोकं शिणवू नका. शरीराच्या ठेवणीनुसार अमुकच आकार शोभतो अशा याद्या सगळीकडे आहेत, आणि त्या पाळून कोणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. सुरुवातीला तीन वेगळे आकार घालून बघा: कमरेपासून घेर असलेला, छातीखालून सरळ खाली येणारा, आणि गुडघ्यापर्यंत अंगाला धरून राहणारा. तिन्हींत चाला, बसा. दोन बाद होतील. गुडघ्यापर्यंत घट्ट असलेला ड्रेस पायऱ्यांवर आणि गाडीत चढताना अडतो, तेव्हा टप्पा १ मधला कागद इथे पुन्हा काढा.

टप्पा ६: कापड

आधी एक गोंधळ दूर करू. साटिन, क्रेप, शिफॉन, ऑर्गंझा ही कापडाच्या विणीची किंवा पोताची नावं आहेत, धाग्याची नाहीत. साटिन रेशमाचं असतं तसं पॉलिएस्टरचंही असतं. म्हणून ‘हे साटिन आहे’ या उत्तरावर थांबू नका, ‘धागा कशाचा?’ असं विचारा आणि लेबल वाचा. शंका असेल तर आतल्या शिवणीतून सुटलेला एखादा धागा मागून घ्या आणि कपड्यापासून लांब जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

धागा कळला की अंगाला काय होणार ते कळतं. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, उकाड्यात ते अंगाला चिकटतं, पण चुरगळतं कमी आणि पाण्याला घाबरत नाही. रेशीम अंगाला सुखद वाटतं, पण साटिन विणीच्या रेशमावर पाण्याचा थेंबही डाग ठेवून जाऊ शकतो आणि घामाने ते खराब होतं. व्हिस्कोज, म्हणजे रेयॉनचा एक प्रकार, सुरेख उतरतं, ओलं झालं की मात्र कमजोर पडतं. वरचं कापड पॉलिएस्टरचं असेल तर निदान अस्तर सुती, रेशमी किंवा व्हिस्कोजचं मागा. अंगाला लागतं ते अस्तर, आणि बाकी लोक वरचं कापड निरखत असताना त्याच्याकडे कोणी बघतही नाही.

पोत हालचालीशी जोडून पाहा. ऑर्गंझा आणि टॅफेटा ताठ उभे राहतात, फुगीर घेर त्यांनाच जमतो. शिफॉन आणि जॉर्जेट खाली झरतात. क्रेप अंगाबरोबर जातं, त्यामुळे आतल्या कपड्याची प्रत्येक शिवण दाखवतं. ब्रोकेड अजिबात ताणत नाही, म्हणून त्यात श्वासाला जागा ठेवूनच माप घ्यायला हवं. उरेब कापलेला ड्रेस, म्हणजे कापड तिरकं धरून बेतलेला, अंगावर फार छान पडतो, पण स्वतःच्या वजनाने लांब होत जातो. तो शिवून दुमड घालण्याआधी एक-दोन दिवस टांगून ठेवावा लागतो. हे न करणाऱ्या शिंप्याकडे उरेब शिवायला देऊ नका. एका बाजूला लोंबणारी खालची कड नंतर सरळ करणं कटकटीचं काम आहे.

कापडावर चार परीक्षा, दुकानातच:
– मूठभर कापड घट्ट आवळून अर्धा मिनिट धरा. सोडल्यावर सुरकुत्या राहिल्या तर बसून उठल्यावर मागे तेच दिसणार.
– खिडकीकडे पाठ करून उभ्या राहा आणि बरोबरच्या व्यक्तीला समोरून बघायला सांगा. पाय दिसत असतील तर आणखी एक अस्तर लागेल.
– मणीकाम असेल तर मनगटाची आतली बाजू त्यावर घासा. हातांखाली मणी असतील तर दंड दिवसभर असाच सोलला जाईल.
– मणीकामाची उलटी बाजू बघा. आरीने, म्हणजे आकड्यासारख्या सुईने, भरलेलं काम साखळी टाक्याचं असतं. एक सुटं टोक ओढलं गेलं की ओळच्या ओळ उसवते. टोकांना गाठी हव्यात.

सावधान: नायलॉन किंवा पॉलिएस्टरची नेट ज्योतीला लागली की क्षणात पेटते आणि वितळून अंगाला चिकटते. दिवे, मेणबत्त्या किंवा अग्नीजवळ वावरायचं असेल तर फुगीर नेट आणि लांब ओढणी टाळा.

टप्पा ७: रंग दिवसाउजेडी बघा

दुकानातला पिवळट दिवा कापडाला ऊब देतो, पांढरा दिवा ती काढून घेतो. एकाच रंगाची दिसणारी दोन कापडंही वेगळ्या दिव्याखाली वेगळी दिसू शकतात. म्हणून ड्रेस आणि ओढणी वेगवेगळ्या ठिकाणाहून घेत असाल तर कापडाचा तुकडा बरोबर न्या आणि दोन्ही दारात आणून बघा. फोनवरच्या फोटोवरून रंग जुळवू नका, कॅमेरा रंग स्वतःच्या मनाने बदलतो. पांढरा हवा असेल तर एक लक्षात असू द्या: नैसर्गिक रेशीम मुळात किंचित पिवळसर असतं. निळसर झाक असलेला लख्ख पांढरा बहुधा कृत्रिम धाग्याचा किंवा चमक आणणारं द्रव्य लावलेल्या कापडाचा असतो.

टप्पा ८: ट्रायल

सोबत दोन माणसं पुरेत. एक कायम हो म्हणणारी, एक खरं बोलणारी. पाच जणी आल्या की पाच मतं होतात आणि तुमचं स्वतःचं मत सहावं. चेहऱ्यावर क्रीम, पावडर नको, कारण ट्रायलचे ड्रेस डागाळले तर भांडण तुमच्याशी होईल.

आरशात बघण्याआधी हे करा. खुर्चीत दहा मिनिटं बसा. कंबरेला काचतं का, पुढचा भाग वर सरकून हनुवटीकडे येतो का? दोन्ही हात वर करा. कोणाला तरी घट्ट मिठी मारा. वाकून जमिनीवरची वस्तू उचला. दहा पायऱ्या चढा आणि उतरा. बाथरूममध्ये एकटीने जाता येईल का याचा खरंच विचार करा, हसण्यावारी नेऊ नका.

हात उचलला की पूर्ण ड्रेस वर ओढला जात असेल तर बहुतेक जणी मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती हाताची गोल जागा, मोठा करायला सांगतात. होतं उलटंच. बगलेजवळ वर कापलेला मुंढा हाताला मोकळं ठेवतो. तो खाली उतरवला की हात उचलताना बाजूचं सगळं कापड बरोबर उचललं जातं. मुंढ्याच्या आकाराचा निर्णय शिंप्यावर सोडा, तुम्ही फक्त काय अडतं ते सांगा.

खांद्याला पट्टी नसलेला ड्रेस असेल तर आत बघा. असा ड्रेस छातीच्या पकडीवर टिकत नाही, त्याचं वजन कमरेवर पेललेलं असावं लागतं. त्यासाठी आतून कमरेला एक पक्की पट्टी शिवलेली असते, तिचे हूक चेन लावण्याआधी लावायचे. पट्टी नसेल तर ड्रेस दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांनी वर ओढत बसावं लागेल. चांगली गोष्ट ही की ती नंतरही शिवून घेता येते.

जड मणीकामाच्या ड्रेसचं वजन कित्येकदा चार-पाच किलोच्या पुढे जातं. वजनकाट्यावर ठेवून विचारायला लाजू नका.

टप्पा ९: पैसे देण्याआधी लिहून घ्या

कापड आणि रंग, ठरलेली मापं, ड्रेस मिळण्याची तारीख, किती फिटिंग किमतीत धरल्या आहेत, दुरुस्तीचा दर, आणि रद्द केल्यास किती परत मिळणार. भाड्याचा असेल तर आधीच असलेले डाग, उसवलेल्या जागा यांचे फोटो दोघांच्या समोर काढा आणि आत घ्यायची परवानगी आहे का ते विचारा. कित्येक ठिकाणी फक्त कच्चा धावदोरा चालतो.

काय बदलता येतं याचाही अंदाज याच वेळी घ्या. कंबर आत घेणं, पट्ट्या लहान करणं, साधी लांबी कापणं सोपं. खांदे बदलणं, खोल गळा वर आणणं अवघड. खालच्या कडेला लेस किंवा काठ असेल तर लांबी सरळ कापता येत नाही. लेस उसवून पुन्हा बसवावी लागते किंवा कमरेपासून उचलावं लागतं, आणि दोन्ही कामं महाग. दोन साइजपेक्षा जास्त आत घ्यायची वेळ येत असेल तर तो ड्रेस सोडा. टक्स जागचे हलतात, पुढचा भाग मागे खेचला जातो.

टप्पा १०: फिटिंग

शिवून घेत असाल तर महागड्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवून मागा. सगळ्या चुका त्या स्वस्त कापडावर होऊ द्या. यासाठी वेगळे पैसे मागितले तरी द्या.

पहिल्या फिटिंगला क्रम असा: खांदे आणि छाती, मग कंबर, मग नितंब, सगळ्यात शेवटी लांबी. वरचं काही उचललं की खाली लांबी बदलते, म्हणून कोणी आल्याआल्या खालच्या कडेला टाचण्या लावायला लागलं तर थांबवा. कॅनकॅन, म्हणजे घेर फुगवणारा आतला ताठ परकर, घालायचा असेल तर तो आत घालूनच लांबी बघायची. पुढची कड जमिनीपासून दोन सेंटिमीटरच्या आसपास वर असली की पाय अडत नाही. गवतावर चालायचं असेल तर आणखी थोडी वर.

सुरकुत्या वाचायला शिका. छातीवर किंवा पोटावर आडव्या ताणलेल्या रेघा दिसल्या तर तिथे घट्ट आहे. उभी सैल घडी पडत असेल तर कापड जास्त आहे. बगलेकडून छातीच्या टोकाकडे तिरकी रेघ येत असेल तर छातीला जागा कमी आहे किंवा टक्स चुकीच्या उंचीवर आहेत. ‘इस्त्री केली की जाईल’ हे उत्तर आडव्या ताणाला लागू होत नाही.

मागे लोळणारा घेर असेल तर तो वर अडकवायचे हूक किंवा बटणं कुठे आहेत ते बघा, आणि त्या दिवशी जी ते लावणार आहे तिला फिटिंगला न्या. तिने तिथेच दोनदा लावून दाखवलं पाहिजे. व्हिडिओ काढून ठेवा.

टप्पा ११: ड्रेस घरी आल्यावर

प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा, आत दमट हवा कोंडते. सुती चादरीत ठेवा. हलका ड्रेस आतल्या नाड्यांवर टांगा, खांद्यांवर नाही. जड मणीकामाचा किंवा ताणणाऱ्या कापडाचा आडवा ठेवा, घड्यांत चादरीचे तुकडे घालून. इस्त्री करणार असाल तर आधी आतल्या शिवणीवर करून बघा. रेशमी साटिनवर वाफेचं पाणी गळू देऊ नका.

अत्तर आणि घामाचा स्प्रे ड्रेस घालण्याआधी लावा आणि पूर्ण वाळू द्या, दोन्ही रेशमावर डाग ठेवतात. केस आणि मेकअप आधी होणार असेल तर ड्रेस डोक्यावरून घालायचा की पायातून, हे शेवटच्या फिटिंगलाच ठरवा. डोक्यावरून घालावा लागत असेल तर चेहऱ्यावर पातळ रेशमी रुमाल टाकून घाला.

एका डबीत सुई, ड्रेसच्या रंगाचा धागा, लहान कात्री, सहा-सात सेफ्टी पिन, दोन जादा हूक, दुहेरी चिकटपट्टी आणि पांढरा खडू ठेवा. पांढऱ्या ड्रेसवरचा लहान डाग खडूने तात्पुरता झाकता येतो. पाणी लावून घासलं तर तो पसरतो. डबी कोणाकडे असेल ते नाव घेऊन सांगा, ‘कोणीतरी ठेवेल’ असं म्हणून सोडू नका.